विंडोज १० वाला जुना लॅपटॉप भंगारात टाकायच्या आधी हे सगळं करून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जिथे बघावं तिथे हीच चर्चा. एक जण म्हणतो लॅपटॉप आपोआप बंद पडणार, दुसरा म्हणतो काही होत नाही, आमच्याकडे विंडोज ७ अजून चालतंय, तिसरा सरळ नवीन लॅपटॉपच्या सेलची लिंक टाकतो, आणि या गोंधळात ज्याच्याकडे २०१६-१७ चा आय३ किंवा आय५ वाला बऱ्यापैकी धडधाकट लॅपटॉप आहे त्याला कुणी नीट सांगतच नाही की बाबा तू काय करायचंस. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण ज्याला जो भाग लागू होतो तो वाचा आणि बाकीचा सोडा. माझं मत आधीच सांगून टाकतो: यातले बरेचसे लॅपटॉप अजून काही वर्षं आरामात काम देतील, खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च एसएसडीवर (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) करा, आणि नवीन मशीनचा विचार सगळ्यात शेवटी.

नक्की झालंय काय?

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला, म्हणजे दहा वर्षं मायक्रोसॉफ्टने सांभाळलं. आता बंद काय झालंय तर दर महिन्याचे फुकटचे सिक्युरिटी अपडेट. लॅपटॉप चालू होईल, ब्राउझर चालेल, वर्ड-एक्सेल उघडेल, सगळं होईल. धोका वेगळ्या बाजूने आहे. विंडोज ११ आणि १० चा आतला बराचसा कोड एकच आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोज ११ साठी दुरुस्त्या येतात, मग हॅकर लोक ती दुरुस्ती उघडून बघतात की नक्की कुठलं भोक बुजवलंय, आणि तेच भोक विंडोज १० मध्ये उघडंच असेल तर त्यांना आयता नकाशा मिळाला. आठवत असेल तर मे २०१७ मध्ये फाइल अडवून पैसे मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला होता, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती, ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं ते अडकले. तेव्हा "अँटीव्हायरस घेतलाय ना मग झालं" हे अर्धंच खरं. विंडोजच्या आतल्या डिफेंडर अँटीव्हायरसला व्हायरसच्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत तरी मिळत राहणार आहेत, चांगलंच आहे, पण यादी म्हणजे दुरुस्ती नाही.

आणि ब्राउझरचं पण लक्षात ठेवा. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला तरी क्रोम त्यावर आणखी तीन वर्षं अपडेट होत होतं, मग २०२३ मध्ये १०९ नंबरच्या व्हर्जनवर थांबलं. म्हणजे ब्राउझर लगेच साथ सोडत नाही, पण कधीतरी सोडतोच. हो, ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही त्याच १४ ऑक्टोबरला संपलाय, त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

आधी आपला लॅपटॉप ओळखा

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, सिस्टिम निवडा, तिथे प्रोसेसरचं नाव दिसेल. इंटेल असेल तर आय३, आय५, आय७ च्या पुढचा आकडा बघायचा. आय५-७२००यू असेल तर पहिला आकडा ७, म्हणजे सातवी जनरेशन. आय५-८२५०यू म्हणजे आठवी. आय३-१०११०यू असा पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे दहावी. इथे एक फसवणारा प्रकार आहे, आय३-१००५जी१, हा चार आकडीच दिसतो पण दहाव्या जनरेशनचा आहे, पहिल्या जनरेशनचा समजून कुणी स्वस्तात विकून टाकू नका. उलट आय३-६००६यू बऱ्याच लोकांना नवीन वाटतो कारण तो २०१७-१८ च्या लॅपटॉपमध्ये सर्रास यायचा, पण आहे सहावी जनरेशनच.

विंडोज ११ साठी ढोबळ नियम: इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची, एएमडीचं रायझेन २००० सिरीज किंवा पुढचं (अधलेमधले काही अपवाद आहेत), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय बायोस (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर म्हणजे बायोस, यूईएफआय हा त्याचा नवा प्रकार), सिक्युअर बूट (चालू होताना खोट्या सिस्टिमला अडवणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप). सेलेरॉन-पेंटियमवाल्यांनी डोकं खपवू नये, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप आहे ते टाका, ते हो किंवा नाही सरळ सांगतं आणि नाही असेल तर कशामुळे नाही तेही सांगतं.

पण "टीपीएम सापडलं नाही" असं आलं म्हणून लगेच हार मानू नका. असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये तर हे नेहमीचंच, टीपीएम असतं पण बायोसमध्ये बंद असतं. बायोसमध्ये जाऊन इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम अशा नावाचा ऑप्शन शोधा आणि चालू करा. कधी कधी अडचण अशी असते की विंडोज जुन्या लेगसी मोडमध्ये टाकलेलं असतं (ज्याने फॉरमॅट मारून दिला त्याने तसं टाकलेलं असतं), तेव्हा डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटीवर आणावी लागते, विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न उडवता करतं. तरी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावायचा नाही.

बायोसला हात लावायच्या आधी अजून एक गोष्ट, आणि ही खरंच महत्त्वाची आहे. सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, ४८ आकड्यांची असते. बायोसमध्ये काही बदललं की लॅपटॉप ती मागू शकतो आणि नसेल तर आतला सगळा डेटा गेला, कुठलाही कॉम्प्युटरवाला तो परत काढून देऊ शकत नाही.

बॅकअप

हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून थोडक्यात. एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर कॉपी करा. मग ज्या गोष्टी लोक हमखास विसरतात त्या: टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल (मेल त्यातच असतात), क्रोमचे बुकमार्क आणि पासवर्ड (गूगल अकाउंटला सिंक चालू करा, झालं), आणि फॉन्ट. फॉन्ट यासाठी की जुनी लग्नपत्रिका, सोसायटीची जुनी पत्रं, शाळेच्या प्रश्नपत्रिका हे सगळं श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेलं असतं, फॉन्ट गेला की फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

विंडोज ११ बसत असेल तर

मग फार विचार करू नका, करून टाका. विंडोज १० ओरिजिनल ॲक्टिव्हेट असेल तर ११ फुकट आहे, लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, आपोआप ॲक्टिव्हेट होतं. कुणी "विंडोज ११ ची की वेगळी घ्यावी लागेल" म्हणून पैसे मागत असेल तर दुसरं दुकान बघा. सेटिंग, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, तिथेच ऑफर दिसते. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ चालतं असं कंपनी म्हणते पण प्रत्यक्षात रडतं, ८ जीबी तरी असू द्या.

बसत नसेल तर: ईएसयू

ईएसयू म्हणजे वाढीव सिक्युरिटी अपडेट. घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात आणि त्या तारखेच्या आत कधीही नाव नोंदवता येतं, उशिरा नोंदवलं तरी मधले राहिलेले अपडेट मिळतात. तीन रस्ते आहेत: पीसीची सेटिंग मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सिंक केली तर फुकट, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, किंवा ३० डॉलर (किंवा त्या त्या देशात जो भाव असेल तो). आपल्यातल्या बहुतेकांसाठी पहिलाच रस्ता बरोबर आहे.

करायचं असं. आधी विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन आहे ना ते बघा, नसेल तर आधी तिथवर अपडेट करा. मग ज्या युजरला ॲडमिन अधिकार आहेत त्याने मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा, लहान मुलांचं चाइल्ड अकाउंट चालत नाही. विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" अशी लिंक असते ती दाबा, पुढे तो सेटिंग सिंक करायला सांगेल, हो म्हणा. लिंक दिसतच नसेल तर आधीचे राहिलेले सगळे अपडेट टाकून, रीस्टार्ट करून परत बघा, बहुतेक वेळा तेवढंच कारण असतं.

इथे एक खोच आहे. सिंक म्हटल्यावर वनड्राइव्ह तुमचे सगळे फोटो आणि फोल्डर वर चढवायला बघतं, फुकट जागा फक्त ५ जीबी, ती भरली की पैसे भरा म्हणून मेसेज सुरू. तर विंडोज बॅकअप ॲपमध्ये जाऊन फोल्डरवाले टिक काढून टाका, नुसती सेटिंग ठेवा, ईएसयूला तेवढं पुरतं. एका लायसन्सवर १० पीसीपर्यंत चालतं म्हणजे बाबांचा, काकांचा आणि तुमचा जुना असे सगळे एकाच अकाउंटवर बसतील. जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड अशा युरोपियन इकॉनॉमिक एरियातल्या देशात असलेल्या आपल्या मंडळींना ही सिंकची अटसुद्धा नाही, अकाउंटने लॉगिन केलं की फुकट, लंडनवाल्यांना मात्र ती सवलत नाही.

एसएसडी, म्हणजे खरा फरक इथे पडतो

"लॅपटॉप खूप स्लो झालाय" ही तक्रार असलेल्यांनी एक काम करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर जा. डिस्कच्या खाली एचडीडी लिहिलंय आणि चालू केल्यावर दहा-दहा मिनिटं डिस्क १०० टक्क्यावर अडकलेली दिसते? मग प्रोसेसर बिचाऱ्याचा काही दोष नाही. जुनी ५४०० आरपीएमची हार्डडिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते तेही फाइल सलग असेल तर, बारीकसारीक शेकडो फाइल एकदम वाचायच्या म्हटलं की पार झोपते. साधी साटा एसएसडी (साटा म्हणजे जुन्या हार्डडिस्कचंच कनेक्शन) ५०० च्या वर जाते आणि बारीक फाइलला तर कित्येक पट पुढे. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या लॅपटॉपला एसएसडी टाकली की घरातल्यांना वाटतं नवीनच आणलाय.

कुठली घ्यायची? २०१४ ते २०१८ च्या १५ इंची लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा अडीच इंची साटा डिस्क असते, त्याच जागेवर अडीच इंची साटा एसएसडी बसते. काहींमध्ये एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) रिकामा स्लॉट पण असतो, पण स्लॉट दिसला म्हणून एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) घेऊन येऊ नका. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपचा एम.२ स्लॉट फक्त साटावाला असतो, एनव्हीएमई त्यात बसेल पण ओळखली जाणार नाही. मॉडेल नंबर टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल डाउनलोड करा, त्यात सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं. साइज २५६ जीबी चालेल, ५१२ उत्तम.

भावाचं सांगायचं तर वेळ वाईट आहे. एआयच्या डेटासेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, एसएसडी पण मागोमाग, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जो ब्रँड सगळे डोळे झाकून सुचवायचे तोच गेला. त्यामुळे हल्ली स्वस्त आणि अनोळखी नावाच्या एसएसडीचा सुळसुळाट आहे. घेतलीच तर बिल आणि वॉरंटी घ्या, आणि लावल्यावर क्रिस्टल डिस्क इन्फो हे डिस्क तपासणारं ॲप टाकून बघा, "नवीन" म्हणून दिलेल्या डिस्कचे चालू तास हजारोंमध्ये दिसले तर परत करा. क्षमता खोटी असल्याचा संशय आला तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं टूल पूर्ण डिस्क लिहून परत वाचतं, वेळ खातं पण चोरी पकडतं.

बसवताना: लॅपटॉप बंद, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर काढा, आतली असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथे चिकटवून ठेवा. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. हे जमणार नाही असं वाटत असेल तर दुकानात करून घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही रिपेअरवाल्याकडे तुमच्यासमोर करून देतात, फक्त जुनी हार्डडिस्क आठवणीने परत घ्या.

आणि माझी सगळ्यात आवडती युक्ती हीच आहे. जुन्या डिस्कवरचं सगळं क्लोन (हुबेहूब नक्कल) करत बसू नका, नवीन एसएसडीवर ताजं सिस्टिम टाका आणि जुनी हार्डडिस्क जशीच्या तशी बाजूला ठेवा. यूएसबी केसिंगमध्ये घातली की तोच तुमचा बॅकअप, आणि नवीन प्रयोग फसला तर परत लावली की दहा मिनिटात जुना विंडोज जिथल्या तिथे. (त्या डिस्कला बिटलॉकर असेल तर वर लिहिलेली की इथेपण लागणार.) ही सोय असली की लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) वगैरे करून बघायची भीतीच राहत नाही.

रॅमचं थोडक्यात: ४ जीबी असेल तर ८ करा. भाव चढलेत म्हणून बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली जुनी रॅम घ्यायला हरकत नाही, पण डीडीआर३ आणि डीडीआर३एल यातला फरक बघा, बरेच लॅपटॉप १.३५ व्होल्टवाली एल च घेतात. लावल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारं टूल) एकदा पूर्ण फिरवा. काही बारीक मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे काही करता येत नाही.

बॅटरी बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं सलग टाका, एक फाइल तयार होते, त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही येतात. निम्म्याच्या खाली असेल तर बदलायची वेळ आलीय. टचपॅड वर उचललेला वाटत असेल किंवा झाकण नीट बंद होत नसेल तर बॅटरी फुगलीय, ती दाबायची नाही, टोचायची नाही, वापर तिथेच थांबवायचा.

लिनक्स मिंट

आता ज्यांचा लॅपटॉप ११ ला बसत नाही आणि काम मुख्यतः ब्राउझरमध्ये आहे (मेल, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, बँक, डिजिलॉकर, मुलांचे क्लास) त्यांच्यासाठी माझा सल्ला सरळ आहे, लिनक्स मिंट टाका. मिंटच का, उबुंटू का नाही (दोन्ही लिनक्सचेच प्रकार), यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी त्यात पडत नाही. मिंट विंडोजवाल्यांना ओळखीचं वाटतं, खाली पट्टी, डावीकडे मेनू, विषय संपला. २२ नंबरची मालिका जुलै २०२४ मध्ये आली आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन एडिशन घ्या, ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई.

पण आधी स्वतःला हे प्रश्न विचारा. टॅली चालवता का? टॅली विंडोजवरच चालतं, मिंट विसरा, ईएसयू करा. श्रीलिपीत डीटीपीचं काम आहे का? तेच उत्तर. यूएसबीवाल्या डिजिटल सिग्नेचरने जीएसटी, टेंडर असं काही भरता का? लिनक्सवर अगदीच होत नाही असं नाही पण डोकेदुखी आहे, सीए मंडळींनी ऐन शेवटच्या तारखेला हा प्रयोग करू नये. मॅक्रो असलेल्या एक्सेल शीट? लिबरऑफिसमध्ये साध्या फाइल मस्त उघडतात, मॅक्रो रुसतात. आणि प्रिंटर. कॅननचा एलबीपी २९०० हा आपल्याकडे दर दुसऱ्या ऑफिसात आणि झेरॉक्सच्या दुकानात आहे, अफलातून टिकाऊ मशीन, पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर अक्षरशः छळतो. एचपीचे बरेचसे प्रिंटर मात्र लावले की चालतात.

चालेल असं वाटत असेल तर पुढे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जाणार). मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण सिस्टिम एकाच फाइलमध्ये) उतरवा, साधारण ३ जीबीची आहे. रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर (पेनड्राइव्हवरून सिस्टिम चालू होईल असं करतं) उघडा, आयएसओ निवडा, पेनड्राइव्ह निवडा, स्टार्ट. मग लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनूची की दाबत राहा, डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असूसला एस्केप, एसरला एफ१२ पण आधी बायोसमध्ये जाऊन तो मेनू चालू करावा लागतो, या एका गोष्टीवर एसरवाले हमखास अडकतात.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडेल, अजून काहीही इन्स्टॉल झालेलं नाही, डिस्कला धक्का नाही. याला लाइव्ह सेशन म्हणतात आणि इथे घाई करायची नाही. वायफाय जोडून बघा, यूट्यूबवर गाणं लावून आवाज बघा, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कीज, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, झाकण लावून परत उघडल्यावर जागा होतो का, हे सगळं बघा. वायफाय दिसलंच नाही तर (ब्रॉडकॉमची चिप असेल तर हे होतं) मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडलं की ते स्वतः ड्रायव्हर शोधून देतं.

सगळं पटलं की डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या आयकॉनवर डबल क्लिक. मल्टिमीडिया कोडेकचा (गाणी-व्हिडिओ चालायला लागतात) टिक लावा. मग येतो मुख्य प्रश्न: पूर्ण डिस्क पुसायची की विंडोजच्या शेजारी टाकायचं. नवीन एसएसडी लावली असेल तर निःसंकोच पूर्ण डिस्क. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचं असेल तर विंडोजमध्ये जाऊन आधी फास्ट स्टार्टअप बंद करा आणि एन्क्रिप्शन काढा. तरी आईवडिलांच्या लॅपटॉपवर दोन-दोन सिस्टिम ठेवू नका, चालू करताना मेनू आला की फोन तुम्हालाच येणार.

इन्स्टॉल झाल्यावर तीन गोष्टी: अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजर चालवा, आणि टाइमशिफ्ट चालू करून एक स्नॅपशॉट घ्या, पुढे काही बिघडलं तर त्या दिवशीच्या अवस्थेला परत जाता येतं (हा सिस्टिमचा असतो, फोटो आणि फाइलचा बॅकअप वेगळा घ्यायचा).

मराठी टायपिंगचं काय हा प्रश्न येतोच. अक्षरं दिसायला काही अडचण नाही, जोडाक्षरं नीट येतात. इनस्क्रिप्ट (मराठीचा सरकारी कीबोर्ड लेआउट) येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट ॲड करून मराठी निवडा, संपलं. विंडोजवर जसं मराठी फोनेटिक वापरायचो (तो विंडोज १० मध्येच २०१९ च्या अपडेटपासून आलेला) तसं रोमनमधून टाइप करायचं असेल तर इनपुट मेथडमध्ये आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या, मग यादीत मराठी फोनेटिक आणि आयट्रान्स असे पर्याय दिसतात. स्पेलिंगच्या सवयी थोड्या वेगळ्या आहेत, शब्द सुचवणं वगैरे नाही, पण आठवड्याभरात हात बसतो.

आणि क्रोमओएस फ्लेक्स, म्हणजे जुन्या मशीनवर टाकायची गूगलची फुकट सिस्टिम? ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागेत चालतं, फक्त ब्राउझर हवा असेल तर साधं आणि स्वच्छ आहे. पण त्यात प्ले स्टोअर नाही, हे माहीत नसल्याने लोक टाकतात आणि मग "ॲप कुठे आहेत" म्हणून विचारत फिरतात.

जुगाडवाले रस्ते

रुफसमध्येच एक टिक असतो, टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढून टाका असा, तो लावला की विंडोज ११ सातव्या, सहाव्या जनरेशनवर पण चढतं. चालतं का? चालतं. महिन्याचे अपडेट येतात का? आजवर येत आलेत, पण मायक्रोसॉफ्टने त्याची काही हमी घेतलेली नाही, आणि वर्षाचं मोठं व्हर्जन आलं की ते आपोआप येत नाही, परत आयएसओ घेऊन हाताने करावं लागतं. अगदी जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर तर विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून सुरूच होत नाही कारण प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या काही सूचनाच नाहीत. स्वतःच्या खेळण्याच्या मशीनवर खुशाल करा, घरच्यांच्या बँकेच्या व्यवहाराच्या मशीनवर नको.

दुसरं फिरतंय ते विंडोज १० चं आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१, त्याला जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट आहेत हे खरंय. पण ते एटीएम, बिलिंग मशीन, कारखान्यातली यंत्रं अशांसाठीचं व्हर्जन आहे, त्याचं लायसन्स तुम्हाआम्हाला सरळ विकत मिळत नाही, मग लोक कुठूनतरी स्क्रिप्ट आणून ॲक्टिव्हेट करतात. सिक्युरिटीसाठी एवढा आटापिटा करायचा आणि शेवटी अनोळखी स्क्रिप्टला ॲडमिन अधिकार द्यायचे, याला काय म्हणणार!

बदलायचाच असेल तर

नवीनच घ्यायला हवा असं नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक रिफर्बिश्ड म्हणून मिळतात आणि त्याच भावातल्या नव्या प्लास्टिकच्या लॅपटॉपपेक्षा दणकट असतात. फक्त जनरेशनच्या सीमेवरच फसवाफसवी होते. थिंकपॅड टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही, पण टी४८० आठव्या जनरेशनमध्ये मिळतो आणि टी४७० सहाव्या-सातव्या. तसंच एलिटबुक ८४० जी५ घ्या, जी४ नको. लॅटिट्यूड ७४९० घ्या, ७४८० नको. दुकानदार "विंडोज ११ टाकून देतो" म्हणेल, तो वरचाच रुफसवाला टिक असू शकतो, म्हणून प्रोसेसरचं नाव स्वतः वाचा. बायोसमध्ये जाऊन पासवर्ड तर नाही ना ते बघा, कंपनीचा लॉक राहिलेला असेल तर पुढे फार त्रास होतो. बॅटरी रिपोर्ट दुकानातच काढा, सगळ्या यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह लावून बघा, पांढरं पान उघडून स्क्रीनवर डाग बघा.

जुना लॅपटॉप देऊन टाकताना नुसतं डिलीट करून देऊ नका. हार्डडिस्क असेल तर काढूनच घ्या, तसाही भंगारवाला त्याचे वेगळे पैसे देत नाही. काढता येत नसेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि त्यात ड्राइव्ह क्लीन करायचा पर्याय निवडा, रात्रभर लागू शकतो, चार्जर लावून ठेवा. मग २०२२ च्या ई-वेस्ट नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्या, आणि फुगलेली बॅटरी असेल तर ती आत आहे असं देताना तोंडाने सांगा.